सुरमईची पेटी आणि यांकुबाचा गुडघा

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे, मित्रांनो. रंग निळा, झाकण पांढरं, एक बिजागरी तुटलेली आणि पोटात माशाचा कायमचा वास. हा वास साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, उन्हात ठेवलं तर आणखी चढतो. त्यामुळे चांगल्या घरातल्या वस्तू माझ्याशी फारशा बोलत नाहीत. मलाही त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मला कशाचंच फार काही वाटत नाही. जिच्या पोटात आयुष्यभर बर्फ राहिला, तिच्याकडून तुम्ही आणखी कसली अपेक्षा करणार?

तरीही एका मुलाच्या गुडघ्याची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ती सांगायला माझ्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही, कारण तो गुडघा माझ्या पोटात होता.

माझा जन्म कुवेतमधल्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकची भुकटी साच्यात घालतात, साचा तापवतात आणि गरगर फिरवतात. जन्मापुरतीच काय ती मला ऊब मिळाली. मग माझ्या दोन भिंतींच्या मध्ये फेस भरला गेला. या फेसामुळे बाहेरचं ऊन आत येत नाही आणि आतली थंडी बाहेर जात नाही. इथल्या उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर मऊ पडतं, तेव्हाही माझ्या पोटातला बर्फाचा खडा खडाच राहतो. हा माझा गुण. दोष विचाराल तर तोही हाच.

मला विकत घेतलं अशरफने. अशरफ रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैचा. बापजाद्यांपासून मासळीचा धंदा. तरुणपणी तो कुवेतला आला तो शर्कच्या मासळी बाजारात एका अरबी मालकाच्या ओट्यावर कामाला लागला, आणि केस पिकले तरी तिथेच आहे. पहाटेच्या लिलावात माल घ्यायचा, साफ करायचा, बांधायचा आणि आपल्या वानेतमधून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा. इथे पिकअप गाडीला वानेत म्हणतात. त्या वानेतमध्ये माझी जागा ठरलेली होती, अगदी पुढे, अशरफच्या पाठीमागे.

बर्फात मासा बांधण्यात अशरफचा हातखंडा. खाली बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ, असे थर तो असे लावायचा की मासा कुठेही दबत नसे. जवळच्या गिऱ्हाइकाला साधा बर्फ. पण माल लांब जायचा असला, म्हणजे पार अहमदीला, तेल कंपनीच्या जुन्या बंगल्यांत, तर तो बर्फात खडे मीठ मिसळायचा. मिठाने बर्फ बर्फाहून थंड होतो. ही रीत त्याला त्याच्या वडिलांनी शिकवली होती. लांबच्या मालाला मीठ, जवळच्या मालाला नाही.

अहमदीत सुजाताबाई म्हणून एक मराठी बाई राहायच्या. पहिल्यांदा माझं झाकण उघडलं तेव्हा त्या एक पाऊल मागेच सरल्या.

"अहो अशरफभाई, हा मासा माझ्याकडे बघतोय!"

"बघणारच, मॅडम," अशरफ खूश होऊन म्हणाला. "मिठाची करामत हाय ती."

त्या दिवसापासून अहमदीत अशरफचं नाव झालं आणि त्याच्या मागोमाग माझंही. 'ती निळी पेटी आली' असं लोक म्हणायचे. माझ्या आयुष्यातला हा कौतुकाचा काळ. तेव्हा मला बरं वाटलं होतं का? बहुतेक वाटलं असावं. नीट आठवत नाही.

अशरफचं बिऱ्हाड सलव्यात, एका जुन्या इमारतीत. बायको खैरुन्निसा आणि मुलगी हिबा. त्यांच्या समोरच्या दारात बिन्ता राहायची. बिन्ता आफ्रिकेतल्या गांबियाची. नवरा इथेच एका दूतावासात ड्रायव्हर होता, तो वारला. मग तिने जवळच्या लहान मुलांच्या नर्सरीत काम धरलं आणि एकुलता एक मुलगा एकटीने वाढवला. त्या मुलाचं नाव यांकुबा.

एकटीने वाढवला म्हणते खरी, पण त्याचं जेवण बहुतेक वेळा अशरफच्याच घरी व्हायचं. बिन्ता कामावरून येईपर्यंत खैरुन्निसा त्याला हिबाच्या शेजारी बसवून बांगड्याचं कालवण आणि भात वाढायची. त्याला अरबी यायचं, आईची मांडिंका भाषा यायची, पण अशरफच्या घरात तो हिंदीच बोलायचा, मध्येच एखादा कोकणी शब्द टाकून. काटे काढायला तो हिबाच्या आधी शिकला.

शुक्रवारी बाजारातून सुटका असली की अशरफ मला धुऊन इमारतीमागच्या रेताड मैदानात वाळत ठेवायचा. मुलांना गोलासाठी एका बाजूला दगड मिळायचा, दुसऱ्या बाजूला मी. माझ्या अंगावर जे पोचे आहेत ते बाजारातले नाहीत, यांकुबाचे आहेत. तो डाव्या पायाने असा काही चेंडू मारायचा की मी जागची हलायचे आणि मग गोल झाला की नाही यावर मुलांची जुंपायची. तो पडायचाही खूप. गुडघे सोलवटून यायचा. बिन्ता नर्सरीतून दमून परतलेली असायची. ती त्याच्या गुडघ्यावरची रेती झटकायची आणि म्हणायची, "कुछ नहीं हुआ. उठो." बाई स्वतःही तशीच होती. दिवसभर नर्सरीच्या फरशीवर वाकून वाकून तिची कंबर धरायची, पण तिने कधी ब्र काढला नाही. त्या घरात दुखण्याबद्दल बोलायची पद्धतच नव्हती.

पुढे कुवेतमध्ये मुलांची एक फुटबॉल स्पर्धा झाली. ती बघायला बेल्जियमचा एक प्रशिक्षक आला होता. त्याने यांकुबाला हेरलं. शाळा संपली आणि यांकुबा बेल्जियमच्या एका लहानशा क्लबात दाखल झाला. निघताना त्याने मोठ्या माणसांना सलाम केला, हिबाची वेणी ओढली आणि माझ्या झाकणावर एक थाप मारून गेला. इमारतीतली सगळी पोरंसोरं खाली गोळा झाली होती. बिन्ता रडली नाही. खैरुन्निसाच तिच्या वाटणीचं रडली.

त्यानंतरचं युरोप मी झाकणावर पाहिलं. मॅच असली की हिबा आपला फोन माझ्या झाकणावर टेकवून ठेवायची आणि सगळे भोवती बसायचे. पहिले बरेच महिने यांकुबा दिसलाच नाही, नुसता बाकावर बसलेला, जाकिटात गुंडाळलेला. "चाचा, यहाँ तो मैं ही सुरमई हूँ," तो फोनवर म्हणायचा, "बर्फ में लगाके रखा है." मग एक दिवस कुणीतरी जायबंदी झालं आणि याला आत सोडलं. दुसऱ्या वर्षी तो नेमाने खेळू लागला, मैदानाच्या डाव्या कडेने, वाऱ्यासारखा.

अशरफला खेळाचं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्साह दांडगा.

"तो लाइनवाला झेंडा कशाला दाखवतो सारखा?"

"ऑफसाइड, अब्बा. ही वेंट टू अर्ली."

"लवकर गेला म्हणून गुन्हा? आमच्या मार्केटात लवकर गेल्याबिगर माल गावत नाय!"

यांकुबाने पहिला गोल केला तेव्हा अशरफने उडी मारली, त्याचा गुडघा माझ्या बिजागरीवर आदळला आणि ती तुटली. नवीन बसवायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही. बाजारात तो ती तुटकी बिजागरी लोकांना कौतुकाने दाखवायचा.

तिसऱ्या वर्षी क्लबाने यांकुबाला दुसऱ्या क्लबाकडे उसना दिला. मोठ्या फुटबॉलमध्ये खेळाडू उसने देतात, मित्रांनो, शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसे. उसन्या खेळाडूची दशा वाईट. त्याच्या दुखण्याखुपण्यात कुणाला रस नसतो. खेळला तर ठीक, नाहीतर परत जा. त्या वर्षी यांकुबाचा डावा गुडघा सुजायला लागला. तिथले डॉक्टर मॅचच्या आधी त्याला इंजेक्शन द्यायचे आणि विचारायचे, कसं वाटतं? तो म्हणायचा, ठीक. आणि खरंच त्याला काही कळायचं नाही. तो पळायचा, गोल करायचा, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टरबुजासारखा व्हायचा. पुढे पुढे तर इंजेक्शन नसतानाही तो ठीकच म्हणू लागला. आईशी रोज फोन व्हायचा, पण त्यात गुडघा कधी आला नाही.

त्या वर्षीच्या जूनमध्ये यांकुबा सुटीवर सलव्याला आला. खांदे रुंद झालेले, दाढी राखलेली. आल्याबरोबर बातमी दिली की जर्मनीतला एक मोठा क्लब त्याला घेणार आहे. सगळं ठरलं होतं. फक्त सुटी संपल्यावर तिथे जाऊन शरीराची तपासणी करून घ्यायची होती. बिन्ताने नर्सरीतली नोकरी सोडायची आणि त्याच्याजवळ जाऊन राहायचं, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. बिन्ता नुसती हसली. त्या रात्री तिने नर्सरीचा निळा डगला धुतला आणि इस्त्री न करता ठेवून दिला, असं खैरुन्निसा सांगत होती.

गुडघ्याचं त्याने फक्त अशरफला सांगितलं. जिन्यात बसून पँट वर केली आणि दाखवला. अशरफने तो दोन्ही हातांनी चाचपला, एखादी मोठी सुरमई ताजी आहे की नाही बघावी तसा.

"डॉक्टरला दाखव," तो म्हणाला.

"नहीं चाचा. डॉक्टर लिखेगा, तो वो लोग देखेंगे. बस सूजन उतरनी चाहिए, टेस्ट तक. अम्मा को मत बोलना."

अशरफने नाही सांगितलं. बर्फाचं काम होतं आणि बर्फाच्या कामात त्याला कुणी शिकवायला नको होतं. रोज बाजारातून येताना तो माझ्यात वेगळा स्वच्छ बर्फ आणायचा. यांकुबा टॉवेलात बर्फ बांधून गुडघ्यावर ठेवायचा. सूज उतरायची. इथवर काही बिघडलं नव्हतं.

पण निघायच्या आदल्या दिवशी यांकुबाला राहवेना. आपण पळू शकतो ना, हे त्याला बघायचं होतं. मागच्या मैदानात तो सकाळी पळून आला आणि दुपारपर्यंत गुडघा पुन्हा फुगला. दुसऱ्या दिवशी विमान, त्यानंतर लगेच तपासणी. पोराची पाचावर धारण बसली. बिन्ता नर्सरीत होती, खैरुन्निसा बाहेर गेली होती. त्याने अशरफचं दार ठोठावलं.

अशरफने गुडघा पाहिला, मला पाहिलं, आणि त्याला एकदम उपाय सुचला.

"लांब जाणार हाय ना तू?" तो म्हणाला. "मग लांबच्या मालासारखाच बांधतो तुला."

त्याने मला घराच्या मधोमध ठेवलं. यांकुबाला स्टुलावर बसवून त्याचा डावा पाय माझ्या पोटात सोडायला सांगितला. खाली बर्फ, बाजूंनी बर्फ, गुडघ्याच्या वरपर्यंत बर्फ, आणि त्यात मुठीमुठीने खडे मीठ. टॉवेल वगैरे काही नाही. मासे कुठे टॉवेलात बांधतात? त्याने थर इतक्या मायेने लावले, मित्रांनो, की तेवढ्या मायेने त्याने अहमदीचा मालही कधी बांधला नव्हता.

माझ्या पोटात आजवर जे आलं ते सगळं मेलेलं होतं. जिवंत असं पहिल्यांदाच आलं. त्या पायाची नाडी माझ्या भिंतीला लागत होती, ठक ठक ठक. मला ते फार विचित्र वाटलं. सुरुवातीला यांकुबा दात आवळून बसला होता. "जळता है, चाचा." अशरफ म्हणाला, "जळणारच. थोडा सबर कर." मग जळायचं थांबलं. यांकुबाचा चेहरा सैल झाला. अशरफने चहा केला. दोघे जर्मनीबद्दल बोलत बसले, तिथे कसले मासे मिळतात, बिन्ताला तिथली थंडी मानवेल का. यांकुबाचा आवाज हळूहळू जड झाला. पाय माझ्यात आहे हे तो जणू विसरूनच गेला होता. आणि ती ठक ठक मला आता ऐकू येत नव्हती.

"दुखतंय?" अशरफने विचारलं.

"कुछ भी नहीं," यांकुबा म्हणाला. "एकदम मस्त."

तेवढ्यात हिबा कॉलेजातून आली. तिने दारातूनच पाहिलं. पिशवी टाकून ती धावली. "अब्बा! ही इज नॉट अ फिश!" तिने हात घालून बर्फ बाहेर उपसला, तो घरभर झाला. पाय बाहेर काढला तेव्हा गुडघ्याखालची बाहेरची कातडी पांढरी पडली होती, मेणासारखी. हिबाने त्यावर बोट दाबलं. यांकुबाने बघितलं, पण त्याला काही कळलं नाही. तो उठून उभा राहिला आणि पाऊल टाकायला गेला. पाऊल वर येईना. गुडघा उचलला तर पाऊल खाली लोंबलं आणि फरशीवर थपकन पडलं. त्याने पुन्हा उचललं, पुन्हा थप. तो हसला. आपलाच पाय आपलं ऐकत नाही याची त्याला गंमत वाटली. मग त्याचं हसणं थांबलं. अशरफ खाली बसून त्या पावलाला हाताने वर करत होता, सोडत होता, वर करत होता.

दवाखान्यात मी गेले नाही, पेट्यांना कोण नेतं? पण परत आल्यावर हिबा स्वयंपाकघरात आईला सांगत होती, ते मी ऐकलं.

"अम्मी, नर्व्ह फ्रीज झालीय. गुडघ्याच्या बाजूला असते ती. डॉक्टर म्हणतात इट विल कम बॅक. कधी ते नाही सांगत. मेबी इट वोन्ट. आणि स्कॅन केला तर आत गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली. ती आजची नाही, वर्षभराची आहे. तो फाटलेल्या गुडघ्यावर खेळत होता, अम्मी."

"आणि त्याला दुखला नाय?" खैरुन्निसाने विचारलं.

"ही सेज ही डिडन्ट फील इट."

विमान चुकलं. जर्मनीच्या क्लबाने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरा मुलगा घेतला. त्यांचं काय चुकलं म्हणा. दुकानात एक नग खराब निघाला तर आपणही दुसरा उचलतो.

बिन्ता ओरडेल, आकांडतांडव करेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. अशरफ तर त्याची वाटच बघत होता. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे आपल्याला निदान मान खाली घालून ऐकता येईल, असं त्याला झालं होतं. ती आली. हातात खैरुन्निसाचं कालवणाचं भांडं होतं. या दोन घरांत भांडी कायम इकडून तिकडे जायची, पण रिकामं भांडं कधी परत गेलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन खजूर, काहीतरी घालूनच द्यायचं. कोकणातली ही रीत खैरुन्निसानेच बिन्ताला शिकवली होती. त्या दिवशी बिन्ताने भांडं घासून, पुसून, रिकामं ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली. खैरुन्निसा त्या भांड्याकडे बघत राहिली. मग तिने ते फडताळात मागे सारलं.

त्यानंतर दोन्ही घरं जणू माझ्यासारखीच झाली. दारं बंद, आत थंडगार, बाहेर काही येत नाही. अशरफ कामाला जायचा, मासे कापायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. बर्फात मीठ घालणं त्याने सोडून दिलं. अहमदीचा माल नरम पडून पोचू लागला. सुजाताबाईंनी फोन केला, "अशरफभाई, तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "हाय, मॅडम, ठीक हाय." त्याने बाजारासाठी नवी लाल पेटी घेतली. मला टाकून देणं त्याला जमेना आणि माझ्याकडे बघवेना, म्हणून त्याने मला दोन दारांच्या मधल्या बोळात नेऊन ठेवलं. कुणी माझ्यावर चपला ठेवू लागलं, कुणी रद्दी. धुणारं कुणी राहिलं नाही. तेव्हाही मला फार काही वाटलं नाही.

यांकुबाच्या पायाला पाऊल वर धरणारा एक पट्टा मिळाला होता. तो सारखा घालायला त्याच्या जिवावर यायचं. बिन्ता कामावर गेली की खैरुन्निसा त्याच्याकडे जायची आणि कोमट तेलाने पाय चोळायची. त्याला बिन्ताने कधी हरकत घेतली नाही, पण त्याबद्दल ती बोललीही नाही. हिबा कॉलेजातून आली की पेनाच्या टोपणाने त्याच्या अंगठ्यावर टोचायची.

"एनीथिंग?"

"नथिंग."

"नाऊ?"

"नथिंग."

रोजचं हेच. दोघांनाही त्याचा कंटाळा आला होता, तरी कुणी थांबत नव्हतं. बोळातून लिफ्टकडे जाताना यांकुबाचं लोंबतं पाऊल हमखास माझ्या कोपऱ्यावर आपटायचं. एकदा अंगठ्याचं नख उखडलं. तो तसाच पुढे गेला. फरशीवर रक्ताचे ठिपके बघून हिबा त्याच्या मागे धावली आणि तिने सांगितलं तेव्हा त्याने वाकून पाहिलं. "अच्छा," एवढंच म्हणाला, दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसा. बेल्जियमच्या क्लबातून फोन यायचे. तिथले डॉक्टर म्हणत होते, पाय जागा झाला की इकडे ये, गुडघ्याचं ऑपरेशन करू. तो म्हणायचा, हो. गुडघा दुखतो का, असं विचारलं की म्हणायचा, ठीक आहे.

उन्हाळा सरत आला तरी पाय तसाच होता. मग एका शुक्रवारी दुपारी, दोन्ही घरांत माणसं असताना, यांकुबा पट्टा न लावता बाहेर पडला. नेहमीसारखं पाऊल लोंबलं आणि नेहमीसारखा अंगठा माझ्या कोपऱ्यावर आदळला.

तो किंचाळला.

अशी किंकाळी त्या इमारतीने ऐकली नव्हती. एका पायावर नाचत त्याने मला आधी आईच्या भाषेत शिव्या दिल्या, मग अरबीत, मग हिंदीत. आणि मधेच गप्प झाला. त्याने अंगठ्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून तोच अंगठा मुद्दाम, हळूच, माझ्या कोपऱ्यावर पुन्हा मारला, आणि पुन्हा ओरडला.

दोन्ही दारं एकदम उघडली. एका दारात बिन्ता, दुसऱ्या दारात अशरफ, त्याच्या मागे खैरुन्निसा आणि हिबा.

"दुखता है?" बिन्ताने विचारलं.

"दुखता है, अम्मा," यांकुबा म्हणाला. "बहुत दुखता है." तो माझ्या शेजारी फरशीवर बसला. आणि मग त्याला थांबता येईना. "घुटना भी दुखता है. कब से दुखता है. सोता हूँ तब भी दुखता है. मैंने किसी को नहीं बताया."

बिन्ताही खाली बसली. तिने त्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि एकेक बोट दाबून बघू लागली. काही बोटं अजून मुकी होती, काही बोटांना तो ओरडत होता. तो ओरडला की ती मान हलवायची आणि पुढचं बोट धरायची. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला तिने हात मोकळा केला नाही. अशरफ आपल्या उंबऱ्यात तसाच उभा होता. पुढे यावं की आत जावं ते त्याला कळत नव्हतं. बिन्ताने वर पाहिलं नाही. ती थोडी सरकली आणि शेजारची फरशी हाताने झाडली.

"बैठो, भाई," ती म्हणाली.

अशरफ बसला आणि हुंदके देऊन रडला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच रडत होता.

यांकुबा आता बेल्जियमला त्या लहान क्लबात परत गेला आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो पूर्वीसारखा पळेल की नाही, ते कुणीच सांगत नाही. मोठ्या क्लबाचं नाव आता कुणी काढत नाही, आणि बिन्ता अजून नर्सरीतच जाते. पण रोजच्या फोनवर तो आईला आज कुठे किती दुखलं ते सविस्तर सांगतो, इतकं की कधी कधी बिन्ता वैतागते. परवा तिनेही त्याला आपल्या कंबरेचं सांगितलं. मी बोळातून ऐकलं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. मला ज्या कामासाठी बनवलं ते मी चोख करते. माझ्यात जे ठेवाल ते आहे तसं राहतं. पण थंडीत ठेवलेलं काहीही बरं होत नाही, ते नुसतं टिकतं. म्हणून मासे खुशाल ठेवा, दूध ठेवा, कलिंगड ठेवा. तुमचं दुखणं मात्र कधी माझ्यासारख्या पेटीत घालून वर झाकण लावू नका. ते घरातल्या माणसांना सांगा, ज्या दिवशी दुखेल त्याच दिवशी, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.